माइकने ऐकलेला अबोला

मित्रांनो, जरा पुढे सरका. एवढे नको, थोडे मागे. हं, आता बरोबर. तोंडापासून माझ्यापर्यंत वीतभर अंतर असले की आवाज मऊ येतो. मी एक जुना माइक आहे. राष्ट्रीय नभोवाणीच्या तिसऱ्या स्टुडिओत माझा सारा जन्म गेला. आजवर लोक बोलले आणि मी ऐकले. आज उलटे करू. आज मी बोलतो, तुम्ही ऐका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात धातूची एक पट्टी आहे, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. ती बसवण्याचे काम एक बारीक बोटांची कामगार बाई करायची. पट्टी बसवताना ती श्वास रोखून धरायची, कारण एका उसाशानेही पट्टी फाटली असती. म्हणजे माझी पहिली ओळख झाली ती शांततेशी. म्हणूनच 'हॅलो, हॅलो' करत माझ्यावर फुंकर मारणारा माणूस मला मुळीच खपत नाही. तुमच्या कानात कोणी फुंकर मारून 'ऐकू येतंय का?' असे विचारले तर तुम्ही काय कराल?

आणखी एक सांगून ठेवतो. मला समोरून ऐकू येते आणि मागूनही तेवढेच ऐकू येते, पण बाजूने मी ठार बहिरा आहे. म्हणून दोघांना बोलायचे असले की दोघे माझ्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर बसतात. भांडायचे असले तरी तसेच बसावे लागते.

मी नवा होतो तेव्हा रेडिओ थेट असायचा. दारावरचा लाल दिवा लागला की बोललेला शब्द परत घेता येत नसे. शिंक आली तर तीही देशभर जायची. त्या काळात माझ्यासमोर बाई बसायच्या. निवेदिका पुष्कळ होत्या, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे ज्यांना नुसते 'बाई' म्हणत त्या एकच. त्यांचा आवाज काही फार गोड नव्हता, खरे तेच सांगतो. गोड आवाजाची माणसे मी ढिगाने ऐकली आहेत. बाईंचा आवाज घरचा होता. त्यांनी बातम्या वाचल्या तरी शेजारच्या काकू भिंतीपलीकडून काहीतरी सांगताहेत असे वाटे. मंडईत त्यांनी नुसते 'भेंडी कशी दिली?' असे विचारले तरी आजूबाजूची माणसे वळून बघायची म्हणे.

आता ती गोष्ट सांगायला हवी. सांगताना माझ्या पोटातली पट्टी आजही थरथरते.

एकदा समुद्रात मोठे वादळ उठले. मासेमारीच्या कितीतरी नावा दूरवर गेल्या होत्या आणि त्यांना निरोप द्यायला रेडिओशिवाय दुसरे साधन नव्हते. वेधशाळेकडून सारख्या नव्या सूचना येत होत्या आणि बाई त्या वाचत होत्या. "किनाऱ्याकडे परत या. जिथे असाल तिथून परत या."

दुपारी काचेपलीकडून ड्युटी ऑफिसरने हात हलवला. मध्येच एक गाणे लावून तो आत आला.

"बाई, हॉस्पिटलातून तुमच्या लेकीचा फोन आलाय. यजमानांची तब्येत एकदम बिघडली. लगेच या म्हणतेय."

"पुढची निवेदिका?"

"घरून निघालीय. पण रस्त्यात झाडं पडलीत, कुठेतरी अडकली असणार."

गाणे संपत आले होते आणि वाचायला दुसरे कोणी नव्हते. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. लाल दिवा लागला. "किनाऱ्याकडे परत या," त्यांनी वाचले. आवाज जरासुद्धा हलला नाही. पुढची निवेदिका भिजलेल्या कपड्यांनिशी येऊन पोचेपर्यंत त्या वाचत राहिल्या. त्या हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा सगळे संपले होते.

लेक तेव्हा कॉलेजात होती. वडिलांच्या खाटेशी ती एकटीच होती, आणि बाहेरच्या व्हरांड्यात कोणाच्या तरी रेडिओवर तिच्या आईचा तो शांत आवाज चालू होता. आई आल्यावर ती एवढेच बोलली, "सगळ्यांना परत या, परत या म्हणत होतीस. तू मात्र आली नाहीस." त्यानंतर तिने अबोला धरला. शिक्षण संपले तशी नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली. जाताना घरातून एकच वस्तू नेली, स्वयंपाकघरातले भिंतीवरचे घड्याळ. ते वडिलांनी हौसेने आणलेले होते. बाईंच्या भिंतीवर नुसता खिळा उरला.

हे सगळे मी पुढे बऱ्याच वर्षांनी बाईंच्या तोंडून ऐकले. पण एक गोष्ट मी त्याच दिवशी ऐकली होती आणि ती माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. वादळाच्या त्या दिवशी दोन सूचनांच्या मध्ये आवाजाची कळ खाली ओढली की बाई रडायच्या. माझ्याकडे तोंड करूनच रडायच्या. कळ वर जायच्या आत डोळे पुसून, घसा साफ करून पुन्हा वाचू लागायच्या. देशाला ऐकू गेले ते वाचणे. रडणे माझ्यापाशीच राहिले. ते त्या मुलीला सांगावे असे मला फार फार वाटायचे. पण मी पडलो माइक. माझे काम ऐकण्याचे, सांगण्याचे नव्हे.

मग दिवस पालटले. सडपातळ, चकचकीत नवे माइक आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. शेजारी कोण, तर तुटके हेडफोन, वायरींचे भेंडोळे आणि किल्ली हरवलेले एक कुलूप. तिथे ऐकण्यासारखे काय असणार? कधीमधी झुरळाची पावले. बाई निवृत्त झाल्या, त्यांना निरोप देण्याचा समारंभ झाला, तो मी दाराच्या फटीतून अर्धामुर्धा ऐकला. टाळ्या ऐकू आल्या, बाईंचे भाषण मात्र बाजूच्या अंगाला पडले. त्याची चुटपुट मला अजून आहे.

किती काळ गेला कोण जाणे. नवे साहेब आले आणि त्यांनी पॉडकास्टचे मनावर घेतले. पॉडकास्ट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या फोनवरच ते असतात. मला मात्र समजायला वेळ लागला. कार्यक्रम करून ठेवायचा आणि ज्याला जेव्हा हवा तेव्हा त्याने तो ऐकायचा. भांडी घासताना ऐका, बसची वाट बघताना ऐका, अर्धा ऐकून कंटाळा आला तर सोडून द्या. पूर्वी सारा देश एका वेळी एकच गोष्ट ऐकायचा. आता प्रत्येकाच्या कानात वेगळेच काहीतरी. मला सुरुवातीला जरा एकटे एकटे वाटले.

मला कपाटातून बाहेर काढले ते आमच्या ध्वनिमुद्रकाने. त्याला सगळे कानसेन म्हणत. गळ्याच्या नावाने आनंदच होता, वाढदिवसाचे गाणेसुद्धा तो बेसूर म्हणायचा. कान मात्र असा तिखट की काचेपलीकडे कोणाच्या बुटाची नाडी सुटली तरी याला कळावे. "नवे माइक सगळंच ऐकतात," तो साहेबांना म्हणाला, "हा म्हातारा समजून ऐकतो." हे ऐकून मी किती फुगलो असेन, तुम्हीच विचार करा.

आणि मग काय एकेक माणसे येऊ लागली! एक निवृत्त न्यायाधीश यायचे, साध्या माणसाला कायदा समजावून सांगायला. प्रत्येक मुद्द्याला टेबल ठोकायची त्यांची जुनी सवय, आणि माझ्या पोटात धडकी. कानसेनने टेबलावर टॉवेलची घडी ठेवली. ते टॉवेल ठोकू लागले, पण देशाची सुटका झाली. गणिताच्या एक शिक्षिका होत्या. त्यांच्या पॉडकास्टचे नाव होते 'गणित गेलं खड्ड्यात'. साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, राष्ट्रीय नभोवाणी आहे ही!" त्यावर शिक्षिका म्हणाल्या, "पोरं मनातल्या मनात हेच म्हणतात. ओळखीचं नाव दिसलं तर निदान येतील तरी." आणि पोरे आली की! पोटाचे एक डॉक्टर होते, ते इतके मोकळेपणाने बोलायचे की काचेपलीकडे डबा खाणारा माणूस डबा बंद करून बाहेर जायचा. समुद्रातल्या प्राण्यांवर एक मालिका होती, शब्दांच्या जन्मकथांची एक होती, दूर देशात वाढणाऱ्या मुलांना आपली भाषा शिकवणारी एक होती. दोन माजी खेळाडू माझ्या अलीकडे-पलीकडे बसून एका सुटलेल्या झेलावरून दर आठवड्याला हमरीतुमरीवर यायचे आणि नंतर एकाच स्कूटरवरून घरी जायचे.

'निजानीज' नावाचा कार्यक्रम झोप न येणाऱ्यांसाठी होता. एक गृहस्थ संथ आवाजात एखाद्या घराचे नुसते वर्णन वाचायचे. जिना, कठडा, खिडकी, खिडकीतले ऊन. एकदा कानसेनच डुलक्या घेत घोरायला लागला आणि ते घोरणे कार्यक्रमात तसेच गेले. त्या भागाची लोकांनी फार तारीफ केली. मला हे सगळे फार आवडायचे. 'हे ऐकणार कोण?' असे विचारून दुकाने बंद करणारे जगात पुष्कळ आहेत. आमच्याकडे निदान काही काळ तरी 'ऐकत असेल कोणीतरी' असे म्हणून दिवा लावला जायचा.

आणि एके दिवशी दार उघडले आणि ओळखीची पावले वाजली. बाई आल्या होत्या. केस पांढरे झाले होते, आवाजात जरा खरखर आली होती, पण होता घरचाच. साहेबांनी त्यांना एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी पॉडकास्ट करायला बोलावले होते. बाईंनी नाव दिले 'ऐकताय ना?'

त्या घरून काहीतरी काम घेऊन यायच्या. कधी मटार सोलायच्या, कधी बटण लावायच्या, कधी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि घालता घालता बोलायच्या. मटाराचे दाणे पातेल्यात पडतानाचा टणटण आवाज सुद्धा लोकांना हवाहवासा वाटायचा. बोलता बोलता त्या मध्येच विचारायच्या, "जेवलात का?" आणि थांबायच्या. चांगल्या थांबायच्या.

मित्रांनो, रेडिओत असे गप्प बसणे म्हणजे मोठाच गुन्हा. साहेब कासावीस व्हायचे.

"बाई, आवाज थांबला की लोकांना वाटतं फोन बिघडला."

"अहो, विचारलं तर उत्तराला जागा नको? त्यांना घरी विचारणारं कोणी नाही. मीही विचारून पळ काढला तर काय उपयोग?"

आता आमच्या कामातली एक रीत तुम्हाला सांगतो. ध्वनिमुद्रण संपले की कानसेन म्हणायचा, "आता खोली घेतो." म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी गप्प बसायचे आणि तो रिकाम्या खोलीचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा. तुम्ही म्हणाल, रिकाम्या खोलीला कसला आला आवाज? असतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. खोकला, अडखळणे असे काही कापून टाकले की तिथे जी फट पडते, ती याच शांततेने बुजवावी लागते. सदऱ्याला ठिगळ त्याच कापडाचे लावतात ना, तसे.

एकदा अशी खोली घेताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. नंतर चहा पिताना त्यांनी कानसेनला वादळाची, लेकीची, अबोल्याची सगळी गोष्ट सांगितली.

"फोन करून बघा ना, बाई."

"उचलत नाही रे. पत्ताही कोणाकडून तरी कळलेला. म्हणून तर सगळ्यांना विचारते, जेवलात का. त्या सगळ्यांत एक ती असली तर?" मग जरा वेळाने म्हणाल्या, "ती ऐकत असेल का रे?"

त्या दिवसापासून मलाही तोच ध्यास लागला. कार्यक्रम सुरू झाला की मी मनात म्हणायचो, ऐक गं पोरी, कुठे असशील तिथून ऐक.

श्रोत्यांनी आपल्या फोनवरून बोलके निरोप पाठवावेत अशी सोय साहेबांनी केली होती. बाईंना पुष्कळ निरोप यायचे. "बाई, आज एकट्यानेच पण गरम गरम जेवलो," असे एक आजोबा दर वेळी कळवायचे. त्यातले निवडक निरोप कानसेन कार्यक्रमात घालायचा.

एके दिवशी गंमत झाली. स्टुडिओतले थंड हवेचे यंत्र घरघर करू लागले आणि त्या दिवशी घेतलेली खोली पार बिघडली. बाई घरी गेल्या होत्या, कार्यक्रम संध्याकाळी द्यायचा होता. बोलण्याखाली घरघर दबून जायची, पण बाई थांबतात त्या जागी ती उघडी पडायची. तिथे घालायला शांतता आणायची कुठून? शोधता शोधता कानसेनला श्रोत्यांच्या निरोपांत एक निरोप सापडला. नाव नाही, गाव नाही, त्यात कोणी बोललेलेच नव्हते. "बटण दाबलं आणि बोलायचंच राहिलं वाटतं कोणाचं," तो स्वतःशीच म्हणाला. मागे कुठेतरी घड्याळ टकटकत होते. घरगुती वाटले त्याला. त्याने तीच शांतता कापून बाईंच्या थांबण्याच्या जागी बेतशीर बसवली आणि खूश होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई धावतपळत आल्या. वेणीसुद्धा नीट घातलेली नव्हती.

"काल 'जेवलात का'च्या पुढे काय घातलंस तू?"

कानसेनचा चेहरा पडला. "बाई, खोली खराब आली होती हो. म्हणून जरा दुसरी..."

"कोणाची दुसरी? अरे, ते घड्याळ माझ्या घरचं आहे!"

"बाई, टकटक काय, सगळी घड्याळं सारखीच करतात."

"हे लंगडतं. ऐक नीट. यांनी खिळा वाकडा ठोकला होता, पडलं एकदा घड्याळ. तेव्हापासून एक पाऊल लांब टाकतं, एक आखूड. आम्ही त्याला लंगडोबा म्हणायचो. काल स्वयंपाकघरात बसून ऐकत होते. आवाज आला आणि मी वर खिळ्याकडे बघितलं."

कानसेनने तो निरोप पुन्हा लावला. टक्, टकटक्. टक्, टकटक्. खरेच लंगडत होते. इतका तिखट कान, पण घड्याळाची चाल त्याने ऐकून सोडून दिली होती. आपण नाही का, रोज समोर असलेल्या माणसाचे असेच करतो.

"असे अजून आलेत का रे?" बाईंनी विचारले.

कानसेनने मान खाली घातली. "येतात, बाई. दर भागानंतर एक येतो. मी रिकामे समजून उडवत होतो."

नशीब की संगणकाच्या कचरापेटीतून त्यातले थोडे परत मिळाले. त्याने ते एकामागून एक लावले, आणि मी कान देऊन ऐकले. बोलणे कशातच नव्हते. एकात नळ सुटला आणि बंद झाला. एकात खुर्ची ओढली गेली. एकात ताट ठेवल्याचा आवाज आला, मग वाटीला चमचा लागल्याचा, आणि पुन्हा चमच्याचा. मागे लंगडोबा चालत होता. बाई एकदम म्हणाल्या, "जेवतेय रे ती. मी विचारते आणि ती जेवतेय."

मित्रांनो, अबोला धरलेल्या माणसाला बोलता येत नाही. पण आपण बोलत नाही आहोत, हे तरी समोरच्याला ऐकू जावे असे त्याला वाटत असते. त्या मुलीने आईला आपली खोली पाठवली होती.

आता सगळे सुरळीत होईल असे मला वाटले. पण त्याच आठवड्यात साहेबांनी बाईंना बोलावून सांगितले की कार्यक्रम बंद करायचा ठरले आहे. साहेब वाईट नव्हते, सांगताना त्यांनाही अवघड गेले. "ऐकणारे फार कमी आहेत, बाई. जे आहेत ते जीव लावून ऐकतात, पण कमी आहेत. एक शेवटचा भाग करा." बाई म्हणाल्या, "बरं." मला मात्र त्या मुलीची आठवण झाली. दार बंद झाल्यावर ती खोली पाठवणार कोणाला?

कानसेन बाईंच्या मागे लागला. "शेवटच्या भागात तिला नावाने हाक मारा. सांगा सगळं. त्या दिवशी का गेला नाहीत ते सांगा."

"नाही रे. तिचं दुखणं तेच तर आहे. मी आयुष्यभर सगळ्यांशी बोलले आणि त्यात तिच्या वाट्याचंही बोलून गेले. आता तिच्याशी बोलायचं तेही देशासमोर? तिला चार लोकांत आणून उभी करू? नको. मी नेहमीसारखंच विचारेन."

शेवटच्या भागाला बाई मटार घेऊन आल्या नाहीत की बटणे घेऊन आल्या नाहीत. डबा घेऊन आल्या. ताट, वाटी, चमचा असे सगळे त्यांनी टेबलावर, न्यायाधीशांच्या टॉवेलवर मांडले. बोलल्या थोडेच. गेल्या आठवड्यात गॅलरीतल्या कुंडीला कळी आली ते सांगितले, गरम गरम जेवणाऱ्या आजोबांचे आभार मानले. मग चमचा हातात घेतला आणि विचारले,

"जेवलीस का?"

स्वतःच्याच तोंडचा शब्द ऐकून त्या चपापल्या. त्यांचा हात तोंडाकडे गेला. इतके दिवस सगळ्या देशाला त्या 'जेवलात का' असे विचारत आल्या होत्या. आज तोंडून निसटले ते एकीलाच विचारलेले होते, आणि आवाज थरथरला होता. वादळाच्या दिवशी जरासुद्धा न हललेला तो आवाज हलला. फरक एवढाच, की या वेळी कळ वर होती.

काचेपलीकडून साहेब बोलले, "बाई, तेवढं पुन्हा घ्या. 'जेवलात' हवं. आणि आवाजही जरा..."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. पुन्हा घ्यायला तोंड उघडले, आणि मिटले. "राहू दे," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कानसेनकडे पाहिले. "मग तुम्ही कापा ते."

"खोली खराब आहे, साहेब," कानसेन बेधडक म्हणाला. "कापलं तर ठिगळ लावायला काही नाही." खोली त्या दिवशी आरशासारखी स्वच्छ होती. मी साक्षीला आहे. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, आणि ते निघून गेले. बाई सावकाश जेवल्या, ताट पुसून डब्यात ठेवले, आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मी अजून विसरलेलो नाही.

भाग गेला. देशात ज्यांनी कोणी ऐकला, त्यांना वाटले असेल की म्हातारपणी बाई चुकल्या. दोन दिवस काहीच आले नाही. कानसेन येता-जाता निरोप तपासायचा आणि मान हलवायचा. तिसऱ्या सकाळी त्याने एक निरोप लावला आणि तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. टक्, टकटक्. चमचा ताटात ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसतीच खोली. मला वाटले, संपले. आणि मग एक आवाज आला. बाईंचाच आवाज, पण तरुण, आणि वापरात नसल्यासारखा.

"हो. तू?"

बस्स, एवढेच. कानसेनने बाईंना फोन लावला आणि फोन स्पीकरजवळ धरून निरोप पुन्हा लावला. पलीकडून काहीच येईना. तो घाबरला. "बाई," तो म्हणाला, "ऐकताय ना?"

बाईंनी उत्तर दिले नाही. पण मी ऐकत होतो. ते रडणे माझ्या ओळखीचे होते.

पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. कार्यक्रम संपला, बाईंचे येणे संपले. कानसेन दुसऱ्या विभागात गेला, आणि मी पुन्हा कपाटात आलो, त्याच कुलपाच्या शेजारी. मध्यंतरी तो काहीतरी शोधायला आला होता. बरोबरच्या माणसाला सांगत होता, "बाईंना फोन केला होता परवा. बोलायला वेळ नाही म्हणाल्या, जेवायला वाढतेय म्हणे. पण मागे काय ऐकू आलं माहितीये? लंगडोबा."

मित्रांनो, ते मी ऐकलेले नाही. त्याने सांगितले तेवढेच माझ्यापाशी आहे. त्या स्वयंपाकघरात, त्या वाकड्या खिळ्याखाली, दोन ताटांच्या मध्ये मला एकदा कोणीतरी ठेवावे असे फार वाटते. त्या दोघी समोरासमोर बसल्या असतील, तर मला दोघी ऐकू येतील. आता ते होणे नाही, मी जाणून आहे. नव्या माइकांना वायरच लागत नाही म्हणतात. माझी वायर कोणीतरी दुसरीकडे लावायला नेली आहे.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. जुन्या वस्तू जपा वगैरे मी सांगत बसत नाही, ते तुम्हाला शाळेत शिकवतातच. पण तुमच्या घरात, वर्गात, ओळखीत कोणी गप्प झाले असेल, तर त्याला रिकामे समजून उडवू नका. 'जेवलास का?', 'जेवलीस का?' एवढे विचारा, आणि विचारून लगेच पळू नका. उत्तराला जागा ठेवा.

आता माझे बोलणे झाले. उठू नका, खुर्ची वाजवू नका, जरा वेळ आहात तसेच बसा. मी खोली घेतो.